‘दिवस पाळून चालेल का?’ विचारलं की डॉक्टर का हसतात

पाचोरा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वय २७, मुलगी अडीच वर्षांची, पाळी २७ ते ३१ दिवसांनी येते. बाळंतपणानंतर कॉपर-टी बसवली होती, पण अंगावरून इतकं जायला लागलं की पाच महिन्यांत काढून टाकली. गोळ्यांनी मळमळ होते, निरोध म्हटलं की नवऱ्याची कुरकुर. शेवटी एका डॉक्टरांना ‘दिवस पाळून चालेल का’ (म्हणजे गर्भ राहण्याच्या दिवसांत संबंध टाळून) असं विचारलं, तर ते हसून म्हणाले, ‘चालेल की, मग पुढच्या वर्षी डिलिव्हरीलाच या!’ ताई विचारतात, डॉक्टर लोक या पद्धतीला इतकं हलक्यात का घेतात? ती खरंच फालतू आहे का?

ताई, आधी एक कबुली देते. अगदी हेच वाक्य नाही, पण याच चालीचं काहीतरी मीही बायकांना ऐकवलेलं आहे. जळगाव जिल्ह्यात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करून मला २६ वर्षं झाली. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तरी ‘सेफ पिरियड’ हा शब्द ऐकला की मी पेन खाली ठेवायचे आणि समोरच्या बाईला समजावायच्या सुरात ‘बघा, असं असतं’ म्हणून सुरू व्हायचे. त्या बाईला नेमकं काय माहीत आहे, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

डोळे उघडले ते रावेरकडच्या एका बाईमुळे. दोन मुलांमध्ये नऊ वर्षांचं अंतर, आणि ती तिसऱ्यांदा दिवस गेले म्हणून नव्हे तर रक्त कमी म्हणून आलेली. मी केसपेपरवर लिहून मोकळी झाले की मधल्या काळात मूल राहत नव्हतं. तिने वाकून कागद बघितला आणि म्हणाली, ‘राहत नव्हतं नाही, आम्ही राहू दिलं नाही.’ गोळ्या? नाही. तांबी? नाही. मग? ‘कॅलेंडर.’ पुढच्या खेपेला ती खरंच कॅलेंडरची पानं गुंडाळी करून घेऊन आली. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब, सकाळचं एक लिटर, संध्याकाळचं अर्धा. पुढच्या बाजूला दर महिन्यात एका तारखेला काजळाच्या पेन्सिलीचा ठिपका आणि त्यापुढे बारा-तेरा तारखांखाली बारीक रेघ. मी विचारलं, तुम्हाला हे शिकवलं कोणी? तर म्हणे, थोरल्या जावेने. आणि रेघ मारतं कोण? बाई लाजली. रेघ नवरा मारायचा.

ही रेघ कोण मारतं, यावर मी खाली परत येणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. डॉक्टर हसतात त्याचं पहिलं कारण आमच्या खुर्चीत आहे. दिवस पाळून ज्यांचं व्यवस्थित चाललंय त्या बायका डॉक्टरकडे कशाला येतील? त्यांना ना चिठ्ठी लागते ना तपासणी. आमच्यासमोर येते ती ‘बाई, तारीख चुकली’ म्हणणारी. कॉपर-टीचं तसं नाही. ती बसवायला बाई येते, तपासायला येते, दहा वर्षांनी काढायला येते, म्हणजे तिचं यशही आमच्या डोळ्यांसमोर घडतं. दिवस पाळण्याचं फक्त अपयश दिसतं. एखाद्याने आयुष्यभर गॅरेजच चालवलं तर त्याला वाटणारच की रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या बिघडलेल्याच असतात.

दुसरं कारण शिक्षणाचं. आम्हाला एमबीबीएसला या विषयावर जेमतेम पानभर मजकूर होता, आणि तो परीक्षेला आलाच तर ‘तोटे’ एवढंच लिहायचं असतं, असा समज. ही गत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या डॉक्टरांची एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिथेही बहुतेक डॉक्टर या पद्धतींची परिणामकारकता प्रत्यक्षापेक्षा कमी सांगत होते. ‘नैसर्गिक’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात एकच जुनी चीज, कॅलेंडर.

आणि कॅलेंडर जुनंच आहे. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोघांनी १९२०च्या दशकात, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट शोधली: स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. लक्षात घ्या, पुढच्या पाळीच्या आधी. मागची पाळी आल्यावर १४ दिवसांनी, असं नव्हे. २८ दिवसांची पाळी असेल तर दोन्ही हिशेब एकच येतात, म्हणून ‘चौदावा दिवस’ सगळ्यांच्या तोंडी बसला. ३५ दिवसांची पाळी असलेल्या बाईला मात्र तो चौदावा दिवस साफ बुडवतो.

आपल्या देशात या पद्धतीला एकदा सरकारी मान मिळाला होता, हे आजच्या किती डॉक्टरांना ठाऊक असेल कोण जाणे. अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी कृत्रिम साधनं नाकारली, पण सुरक्षित दिवसांच्या कल्पनेला त्यातल्या त्यात संयम आहे म्हणून पूर्ण नकार दिला नाही. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर याच विचारांच्या. त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना इकडे पाठवलं आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा वाटल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंग बघायचा. प्रयोग फसला. काहींना वाटलं मणी सरकवला म्हणजे काम झालं, जणू तो ताईतच. कुठे पोरांनी माळ खेळायला घेतली. याच सुमारास, १९५२ पासून, सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते लूप (गर्भाशयात बसवायचं साधन) आणि नसबंदीकडे वळलं ते वळलंच. त्या माळेची गोष्ट डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्यांना विनोद म्हणून मिळाली. आपल्या महाराष्ट्रात तर र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, साधनं वापरा असा त्यांचा रोखठोक सांगावा. शिकलेल्या मराठी डॉक्टरच्या मनात साधन म्हणजे विज्ञान आणि दिवस मोजणं म्हणजे सोवळेपणा, ही वाटणी तिथूनच आली असावी असं मला वाटतं. त्यात १९६८ साली पोपनी कृत्रिम साधनांना नकार देणारं पत्रक काढलं, मदर तेरेसांनी नोबेलच्या भाषणात कलकत्त्यात नैसर्गिक पद्धत शिकवत असल्याचं सांगितलं, आणि हा सगळा विषय धर्माच्या खात्यात जमा झाला. बाईच्या शरीराची माहिती म्हणून तो कुणी उघडलाच नाही.

तिसरं कारण सगळ्यात खरं, आणि ते म्हणजे वेळ. सोमवारी बाजाराच्या दिवशी माझ्या ओपीडीत ऐंशी-नव्वद बायका असतात. गोळ्यांची चिठ्ठी लिहायला मिनिट पुरतं. दिवस ओळखायला शिकवायचं तर बाईला किमान तीन पाळ्या वहीसकट परत यायला लागतं, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. त्याचे पैसे कोण देणार? सरकारी दवाखान्यात नसबंदीला, तांबीला, ‘अंतरा’ इंजेक्शनला रजिस्टरात रकाना आहे. ‘दिवस ओळखायला शिकवलं’ असा रकाना मी तरी पाहिलेला नाही. जे मोजलं जात नाही ते कुणी शिकवत नाही. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं १९९६ साली कागदावरून काढली गेली, पण मार्चअखेर आली की नसबंदीच्या शिबिरांची धावपळ कशी होते हे आशाताईंना विचारा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास ३८ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली, आणि पुरुषांची ०.३ टक्के. म्हणजे नियोजन या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ बाईचं ऑपरेशन. ज्या डॉक्टरने तेच बघितलं, त्याला तुमचा प्रश्न विचित्र वाटणार.

आता आकडे बघू, कारण हसण्यालाही आधार आहे आणि हसण्याविरुद्धही. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस जातात. कॉपर-टीत एकीलाही क्वचित. गोळ्या कागदावर उत्तम, पण विसरण्यासकट धरल्या तर सुमारे ७. निरोध, नेहमीच्या वापरात, सुमारे १३. नवऱ्याने ‘बाहेर’ सांभाळणं, सुमारे २०. आणि नैसर्गिक पद्धती? पद्धतीप्रमाणे २ पासून २३ पर्यंत. हा पल्ला बघा. एकाच नावाखाली चांगली गाडी आणि मोडकी सायकल दोन्ही उभ्या आहेत. आम्ही डॉक्टर २३ पाठ करतो.

जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९०० बायकांनी सकाळचं तापमान आणि योनीतला स्राव दोन्ही रोज नोंदवले. वर्षाला शंभरात १.८ जणींना दिवस गेले, आणि ज्यांनी त्या दिवसांत संबंध पूर्ण टाळले त्यांच्यात ०.४. हे गोळ्यांच्या तोडीचं आहे. पण ते जर्मनीत, नीट शिकवलेल्या, वही ठेवणाऱ्या बायकांत. आपल्याकडे तापमानाची पद्धत सांगताना मलाच हसू येतं. बीज सुटल्यावर अंगाचं तापमान पाव ते अर्धा अंश सेल्सिअस चढतं; ते पकडायला निदान तीन-चार तास सलग झोप हवी आणि अंथरुणातून न उठता थर्मामीटर लावायला हवा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ पार, सगळं घर गच्चीवर झोपलेलं, रात्री दोनला शेतपंपाची लाईट आली म्हणून नवरा उठलेला, पहाटे चारला नळ येणार म्हणून बाई टाकीपाशी. कुठलं अंथरूण आणि कुठला अर्धा अंश! ही पद्धत इथे मी फार थोड्या जणींना सांगते.

स्राव बघण्याची पद्धत मात्र इथे चालू शकते, आणि इथेच आम्हा डॉक्टरांचा खरा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज दांपत्याने ही पद्धत मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने ती पाच देशांत तपासली, त्यात आपलं बंगळुरूही होतं. निकाल १९८१ साली आले. शिकवल्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना स्राव ओळखता आला, त्यात निरक्षर बायकाही होत्या. नियम पूर्ण पाळला तर वर्षाला शंभरात तीनेक जणींनाच दिवस गेले. प्रत्यक्षात मात्र वीसच्या आसपास, कारण ‘आज सुपीक दिवस आहे’ हे ठाऊक असूनही संबंध आला.

त्या स्रावाचं रूप सांगते. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं. मग चिकटसर, पांढुरकं. मग एक-दोन-तीन दिवस अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं, पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत धरलं तर तार निघते. हे मुख्य सुपीक दिवस. त्यानंतर पुन्हा घट्ट किंवा कोरडं. आता सांगा, आपल्याकडे बाईला हे कधी कुणी सांगितलं? आपल्याकडे त्याला एकच नाव, ‘पांढरं जातं’. धुपणी. अशक्तपणा, कंबरदुखी, सगळ्याचं खापर त्यावर. बाई घाबरून येते, आणि डॉक्टर, मीसुद्धा, न बघता गोळ्यांचं किट लिहून देतो. म्हणजे निसर्गाने दर महिन्याला दिलेली खूण आम्ही रोग ठरवली, तीवर औषध दिलं, आणि वर म्हणतो, आमच्या बायकांना नैसर्गिक पद्धत जमत नाही. (खाज, दुर्गंध, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं, हे असेल तर तो रोगच, तपासणी हवीच. तार निघणारा, बिनवासाचा, महिन्यात ठरावीक दिवशी येणारा रोग नव्हे.)

मण्यांची माळही मधल्या काळात सुधारून परत आली. अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात ठरावीक दिवसांची पद्धत तयार झाली. पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आतच येत असेल तर आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही धरून, टाळायचं. माळेत ३२ मणी: एक लाल, सहा तपकिरी, बारा पांढरे, पुन्हा तेरा तपकिरी. २००२ च्या अभ्यासात नीट पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात पाचपेक्षा कमी, सगळ्या धरून बारा. निरोधच्या बरोबरीचं. माझ्या टेबलाच्या खणात अशी एक माळ आहे, जळगावच्या फुले मार्केटमधून मणी आणून नर्सताईंनी ओवलेली. बाईच्या हातात दिली की ती आधी पांढरे मणी मोजते आणि हमखास म्हणते, ‘एवढे?’ बारा दिवस सगळ्यांनाच जास्त वाटतात. कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, मधले दोन-तीन दिवस टाळले की झालं. बीज जगतं दिवसभर, पण पुरुषबीज बाईच्या पोटात पाच दिवस वाट बघू शकतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या विल्कॉक्स यांच्या अभ्यासात गर्भ राहणारे सहा दिवस निघाले, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. आणि ते सहा दिवस महिन्यागणिक मागेपुढे सरकतात, म्हणून बारा.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात तिची गरज आहे. संबंध कोणत्या दिवशी आला यावर मुलगा की मुलगी हे ठरत नाही, असं त्यात दिसलं. माझ्याकडे दिवसांचा हिशेब विचारायला येणाऱ्या निम्म्या जणी मूल टाळायला येतच नाहीत, मुलगा व्हावा म्हणून ‘सम रात्री’ कोणत्या ते विचारायला येतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. त्या बायकांना मी माळ दाखवत नाही.

मोजण्यातली आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे पहिला दिवस कोणता. रक्त दिसलं तो पहिला दिवस. आपल्या बायका मोजतात चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं तिथून, कारण घरात ‘मोकळी’ झाल्याची तारीख तीच. तिचा आठवा दिवस म्हणजे खरा बारावा. ऐन वखताला ती बिनधास्त असते. ‘पाळी पाळून पण राहिलं’ म्हणत आलेल्या कितीतरी जणींची गोष्ट नीट विचारली की एवढीच निघते. यात पद्धतीचा दोष किती आणि ती कुणीच न शिकवल्याचा किती, तुम्हीच ठरवा. मोबाईलमधल्या फुकट ॲपवर फूल उमलतं, रंग बदलतो, पण त्यातली बरीचशी मागच्या तारखांची सरासरी काढतात, तुमच्या शरीरात डोकावत नाहीत. रोजचं तापमान घेऊन चालणाऱ्या एका ॲपला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, ती वेगळी गोष्ट.

बाळंतपणानंतर अंगावर पाजणं हीही नैसर्गिक पद्धतच, आणि तिच्याबद्दल आम्ही डॉक्टर निष्कारण कंजूष आहोत. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध. या तिन्ही गोष्टी असतील तर दिवस जाण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. १९८८ साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञांनी बसून हे ठरवलं. तिन्हींपैकी एक गेली की संरक्षण गेलं. आपल्याकडे तिसरी अट चौथ्या महिन्यातच मोडते, कारण आजी वरचं दूध सुरू करते.

आता त्या रेघेकडे परत. नैसर्गिक पद्धत ही माझ्या मते बाईची पद्धत नाहीच, ती जोडप्याची आहे. गोळी बाई सासूपासूनही लपवून घेऊ शकते. तांबी नवऱ्याला न कळताही असू शकते. दिवस पाळणं नवऱ्याच्या होकाराशिवाय एक महिनाही चालत नाही. अमळनेरकडची एक बाई मला अहिराणीत म्हणाली होती, ‘बाई, तारीख माले मालूम शे, पन त्याले कोन सांगी?’ तिला माळ देणं म्हणजे तिच्या गळ्यात एक ओझं. ती माळ घरी नेईल, पांढऱ्या मण्यावर ‘आज नको’ म्हणेल, आणि पुढे काय होईल ते तिला आणि मला दोघींना ठाऊक आहे. अशा बाईला ‘नैसर्गिक ते चांगलं’ असं भाबडेपणाने सांगणारा डॉक्टर हसणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त घातक. तिला मी इंजेक्शन किंवा तांबी सुचवते आणि हा विषय उघडतही नाही.

तसंच सुरतेला कामाला गेलेल्यांचं. नंदुरबार, धुळ्याकडून कितीतरी घरचे पुरुष उधना-लिंबायतला असतात, महिन्या-दोन महिन्यांनी दोन दिवस येतात, दिवाळीला आणि आखाजीला आठ दिवस. गाडीचं रिझर्वेशन मणी बघून होत नाही. तिथे दिवसांचा हिशेब सांगणं म्हणजे थट्टा.

अजून कुणाला नाही म्हणते तेही सांगून टाकते. पाळी अनियमित, पीसीओडी, नुकतीच बाळंत आणि पाळी अजून बसलेली नाही, चाळिशी उलटून पाळी मागेपुढे होतेय, नुकत्याच गोळ्या किंवा इंजेक्शन थांबवलंय. आणि जिच्यासाठी दिवस जाणं जिवावर बेतेल अशी कुणीही: हृदयरोग, सिकलसेलचा त्रास, फिटवरची काही औषधं. तिथे शंभरात बारा हा आकडा फार मोठा आहे.

तर ताई, तुम्ही. २७ ते ३१ दिवसांची पाळी म्हणजे तुम्ही माळेच्या चौकटीत बसता. पण ‘बसते’ हे आठवणीवरून की लिहून? आधी सहा पाळ्या लिहा. सगळ्यात लहान पाळीतून १८ वजा करा, सगळ्यात मोठीतून ११. तुमचं सांगणं खरं असेल तर नववा ते विसावा दिवस येतो. माळेचे आठ ते एकोणीस आहेत, तुम्ही आठ ते वीस धरा. त्यासोबत रोज लघवीला जाताना स्राव आज आहे का, काल होता का, एवढंच बघा. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर आज टाळा, दिवस कुठलाही असो. या सहा महिन्यांत दुसरं साधन सोडू नका. निरोधवर नवरा कुरकुर करतो म्हणता, तर त्याला सांगून बघा की बारा महिने नको, महिन्यातले हे तेरा दिवस वापर. निरोधला नाही म्हणणारे बरेच जण या हिशेबाला तयार होतात, असा माझा अनुभव आहे. मात्र तेव्हा सगळा भार त्या तेरा दिवसांतल्या निरोधवर येतो, एकदाही ‘जाऊ दे’ चालत नाही. फाटला तर ७२ तासांत तातडीची गोळी. ती महिन्याचं साधन नव्हे. सगळं करूनही दिवस गेलेच तर साधन फसलं या कारणावर गर्भपाताची कायद्यात सोय आहे, २० आठवड्यांपर्यंत. दुकानातून गोळ्या आणून घरी खाऊ नका.

तुम्हाला कॉपर-टीने त्रास झाला, तर डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं का? पहिले तीन-चार महिने जास्त जाणं नेहमीचं, पण हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बाईला तेवढं सोसत नाही, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी असतं. रक्त कमी निघालं तर आधी ते भरून काढा. आठवड्याच्या ‘छाया’ गोळीत नेहमीच्या गोळ्यांतली हार्मोन्स नसतात, तुमची मळमळ तिने कदाचित होणार नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पण तिने पाळी लांबते, म्हणून ती घेत असताना दिवसांचा हिशेब करू नका. दोन्ही एकदम चालत नाही.

वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा म्हणेन. सहा पाळ्या लिहिलेली वही समोर ठेवली की हसणं जरा अवघड जातं. आणि जमलं तर नवऱ्याला बरोबर न्या. बाहेर बाकावर नाही, आत.

एक विचारायचं राहिलं. मुलगी अडीच वर्षांची आहे म्हणजे अंगावर पाजणं सुटलं असेल असं धरून हे सगळं लिहिलंय. अजून रात्री पाजत असाल तर तसं कळवा, पाळीच्या तारखा मग वेगळ्या नजरेने बघायला लागतील.